विश्लेषण : पोलिओने पाय निकामी, तरी घोडेस्वारीत ऑलिम्पिक पदक! लिस हार्टेल यांच्यामुळे ‘उपचारात्मक घोडेस्वारी’ला बळ कसे मिळाले?

फिनलंडची राजधानी हेलसिंकी, जुलै १९५२. ऑलिम्पिकमधील ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकाराचा निकाल लागला होता. सुवर्णपदक स्वीडनचे लष्करी अधिकारी हेन्री सां सिर यांना, रौप्यपदक डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना. पदक घेण्यासाठी हार्टेल यांना घोडीवरून उतरायचे होते आणि तेच त्यांना एकटीने जमण्यासारखे नव्हते. सां सिर पुढे आले आणि त्यांनी हार्टेल यांना मंचापर्यंत नेले. आठ वर्षांपूर्वी झालेल्या पोलिओमुळे ३१ वर्षांच्या हार्टेल यांचे गुडघ्याखालचे पाय हलत नव्हते. घोडेस्वारीत ऑलिम्पिकचे वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आज अनेक देशांत दिव्यांग मुले आणि प्रौढ उपचार म्हणून घोड्यावर बसतात. त्या कामाला बळ देणाऱ्यांत हार्टेल यांचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते.

ड्रेसाज म्हणजे नेमके काय?

भारतात हा शब्द घरोघरी पोहोचला तो सप्टेंबर २०२३ मध्ये. चीनमधील हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीतील सुवर्णासाठी भारताला ४१ वर्षे थांबावे लागले होते. संघात दोन महिला आणि दोन पुरुष होते आणि ते एकाच स्पर्धेत, एकाच निकषावर उतरले होते. घोडेस्वारीचे हेच वेगळेपण आहे. ऑलिम्पिकमध्येही या खेळात स्त्री-पुरुष असे वेगळे गट नसतात.

ड्रेसाजमध्ये शर्यत नसते, अडथळ्यांवरून उडीही नसते. आखलेल्या आयताकृती मैदानात घोड्याने ठरलेल्या हालचाली ठरलेल्या जागी करायच्या आणि परीक्षकांनी प्रत्येक हालचालीला गुण द्यायचे. साधी चाल, दुडकी, कँटर, तिरके सरकणे, जागच्या जागी वळणे, जागच्या जागी दुडकी धरणे असे बरेच काही त्यात असते. स्वार काही करतो आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये, इतक्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोडा चालला पाहिजे. हे इशारे दिले जातात ते हातातल्या लगामाने, खोगिरावरच्या बैठकीने आणि मुख्यतः पायांनी. घोड्याला टाच मारणे हा वाक्प्रचार मराठीत उगीच आलेला नाही. पोटरीचा दाब आणि टाचेचा स्पर्श ही घोड्याशी बोलण्याची पहिली भाषा. हार्टेल यांनी नेमकी तीच गमावली होती.

पोलिओपूर्वीच्या हार्टेल कशा होत्या?

लिस होल्स्ट यांचा जन्म १४ मार्च १९२१ रोजी कोपनहेगनला लागून असलेल्या हेलरप येथे झाला. घरात घोड्यांचे वातावरण होते. आई एल्से होल्स्ट यांना घोड्यांची चांगली जाण होती. पुढे गुन्नार अँडरसन या नावाजलेल्या प्रशिक्षकाकडे लिस यांचे शिक्षण झाले. १९४१ मध्ये त्यांचे फिन हार्टेल यांच्याशी लग्न झाले. तेव्हा डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद पडल्या होत्या, देशांतर्गत स्पर्धा मात्र चालू होत्या. १९४३ आणि १९४४ अशी सलग दोन वर्षे लिस ड्रेसाजमध्ये डेन्मार्कच्या विजेत्या ठरल्या.

म्हणजे आजार झाला तेव्हा त्या नवशिक्या नव्हत्या. प्रेरणादायी गोष्ट म्हणून त्यांचे आयुष्य सांगितले जाते तेव्हा हा भाग बहुधा गाळला जातो. अपंगत्वावर मात करण्यासाठी त्या घोड्यावर बसल्या, असा समज त्यातून होतो. खरे तर त्या आधीपासून देशातल्या सर्वोत्तम स्वारांपैकी एक होत्या आणि आजारानंतर त्यांना आपले काम परत हवे होते.

सप्टेंबर १९४४ मध्ये काय घडले?

हार्टेल २३ वर्षांच्या होत्या आणि गर्भवती होत्या, तेव्हा त्यांना पोलिओ झाला. काही दिवसांत शरीराचा बहुतेक भाग लुळा पडला. पोटातल्या बाळाचे काय होणार, हा प्रश्न त्याहून मोठा होता. पुढे मुलगी सुखरूप जन्मली.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशींवर हल्ला करतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. वाचलेल्या पेशींच्या जोरावर जेवढे स्नायू पुन्हा कामाला लागतील तेवढेच आपले. त्यामुळे रुग्णाची पुढची वाटचाल इंचाइंचाने होते. हार्टेल यांना आधी हात उचलायला शिकावे लागले. मग मांड्यांचे स्नायू थोडे जागे झाले. मग जमिनीवर रांगणे. तान्ही मुलगी घरात असताना आईही रांगायला शिकत होती. पती आणि आई या काळात सतत सोबत होते. सुमारे आठ महिन्यांनी त्या कुबड्यांच्या आधाराने चालू लागल्या. एवढ्यावर समाधान मानावे, असा वैद्यकीय सल्ला होता. गुडघ्याखालचे पाय कधीच परत आले नाहीत. हात आणि पंजेही आजाराच्या तडाख्यातून पूर्ण सुटले नाहीत.

पोलिओत हालचाल जाते, स्पर्शाची जाणीव मात्र सहसा शाबूत राहते. घोड्याची पाठ खाली कशी हलते आहे, कोणता पाय केव्हा उचलला जातो आहे, हे हार्टेल यांना बसल्या जागी कळू शकत होते. फक्त उत्तर देण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला होता.

टाच न मारता घोडा चालवणार कसा?

मराठीत स्वाराच्या बैठकीला ‘मांड’ म्हणतात. घोड्यावर टिकून राहणे म्हणजे पक्की मांड. ती मांड्यांच्या पकडीतून, कमरेच्या तोलातून आणि पाठीच्या स्नायूंतून तयार होते. हार्टेल यांच्याकडे मांड्यांची थोडी ताकद, पाठ आणि शरीराचे वजन एवढेच भांडवल उरले होते. पोटरीने द्यायचा इशारा त्यांना वजन किंचित सरकवून, कमर दाबून किंवा सैल सोडून द्यावा लागे. त्यासाठी स्वाराला नव्याने शिकावे लागते आणि घोड्यालाही. पायाच्या दाबावर चालायची सवय असलेल्या घोड्याला बैठकीतला बारीक फरक ओळखायला लावणे हे चिकाटीचे काम आहे. घोडा बुजला किंवा एकदम उसळला, तर पायांनी स्वतःला सावरण्याची सोयही त्यांच्याकडे नव्हती.

ज्युबिली या घोडीबरोबर हे जमले. हार्टेल यांना घोडीवर चढवावे लागे आणि उतरवावे लागे. चढवल्यानंतर मात्र पुढचे काम त्या दोघींचे असे. या जोडीच्या यशात घोडीचा वाटा किती होता, हे ड्रेसाज जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. तिने सूक्ष्म इशारे समजून घेतले नसते, तर स्वाराची जिद्द मैदानाच्या कडेलाच राहिली असती.

१९४७ मध्ये, म्हणजे आजारानंतर तिसऱ्याच वर्षी, स्कँडिनेव्हियन देशांच्या स्पर्धेत महिलांच्या ड्रेसाजमध्ये हार्टेल दुसऱ्या आल्या.

मग १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये त्या का नव्हत्या?

याला कारण पोलिओ नव्हता. तेव्हाच्या नियमांनुसार ऑलिम्पिक ड्रेसाज फक्त लष्करातील अधिकाऱ्यांसाठी होते. महिलांना प्रवेश नव्हताच, साध्या सैनिकांनाही नव्हता. हा नियम किती काटेकोर होता, याचा नमुना लंडन ऑलिम्पिकमध्येच मिळाला. स्वीडनच्या संघाने सांघिक सुवर्ण जिंकले. त्या संघातील गेनाल पर्सन हे मूळचे सार्जंट. त्यांना स्पर्धेपुरती अधिकाऱ्याची बढती देण्यात आली होती आणि स्पर्धेनंतर ते पुन्हा सार्जंट झाले. हे उघड झाल्यावर पुढच्या वर्षी स्वीडनचे सुवर्ण काढून घेण्यात आले. गुण तेच, घोडा तोच, आक्षेप फक्त हुद्द्याचा!

१९५२ पासून ड्रेसाज लष्कराबाहेरच्या पुरुषांना आणि महिलांना खुले झाले. अडथळ्यांवरून उड्यांच्या प्रकारात महिलांना १९५६ पर्यंत आणि तीन दिवसांच्या ‘इव्हेंटिंग’मध्ये १९६४ पर्यंत थांबावे लागले. हेलसिंकीत पर्सन पुन्हा उतरले आणि या वेळी हुद्द्याचा प्रश्न न येता सांघिक सुवर्ण जिंकले.

हेलसिंकीत नेमके काय झाले?

ड्रेसाजमध्ये चार महिला उतरल्या : डेन्मार्कच्या हार्टेल, जर्मनीच्या इडा फॉन नागेल, नॉर्वेच्या एल्से क्रिस्टोफरसन आणि अमेरिकेच्या मार्जरी हेन्स. समोर आयुष्य घोडदळात घालवलेले अधिकारी होते. सां सिर यांना ५६१ गुण मिळाले. हार्टेल यांना ५४१.५ आणि फ्रान्सचे आंद्रे जुसोम यांना ५४१. रौप्य आणि कांस्य यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक होता. जुसोम यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते आणि ऑलिम्पिकचा त्यांचा अनुभव युद्धापूर्वीपासूनचा. इडा फॉन नागेल यांना जर्मन संघाबरोबर सांघिक कांस्य मिळाले. महिलांना प्रवेश मिळालेल्या पहिल्याच स्पर्धेत दोघी पदक घेऊन परतल्या.

परीक्षकांनी हार्टेल यांना कोणतीही सवलत दिली नव्हती. दिव्यांग खेळाडूंसाठी वेगळा गट तिथे नव्हता आणि पायाऐवजी दुसरे साधन वापरण्याची मुभाही नव्हती.

त्याच उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये काय चालले होते?

हार्टेल यांच्या पदकाचा त्यांच्या देशाला काय अर्थ होता, हे कळण्यासाठी पुढचे काही आठवडे पाहावे लागतात. १९५२ च्या उन्हाळ्याअखेर कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. शहरातील ब्लेगडॅम रुग्णालयात रोज रुग्णांची रीघ लागली. साथ शिगेला असताना एका दिवसात ५० च्या आसपास रुग्ण दाखल होत. ज्यांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडले, त्यांच्यासाठी श्वासयंत्रे मोजकीच होती. ऑगस्टच्या अखेरीस ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी फुगा हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग वैद्यकीय महाविद्यालयातील सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून फुगे दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात इथून झाली, असे मानले जाते.

या साथीतून वाचलेली हजारो मुले-माणसे लुळे हातपाय घेऊन घरी गेली. पोलिओची लस अजून यायची होती. जोनास साल्क यांच्या लशीचे यश एप्रिल १९५५ मध्ये जाहीर झाले. भारतात शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पल्स पोलिओच्या दोन थेंबांनंतर जन्मलेल्या पिढीला त्या भीतीची कल्पना येणे कठीण आहे. डेन्मार्कमध्ये मात्र १९५२ च्या हिवाळ्यात घराघरात एकच प्रश्न होता : आता या मुलाचे पुढे काय? आणि त्याच वर्षीच्या ऑलिम्पिकमध्ये पोलिओ झालेली एक डॅनिश बाई घोड्यावरून पदक घेऊन आली होती.

हार्टेल यांनी पोलिओग्रस्तांच्या मदतनिधीसाठी घोडेस्वारीची जाहीर प्रात्यक्षिके केली. लोक तिकीट काढून घोडा पाहायला येत आणि जाताना स्वार पाहून जात.

१९५६ मध्ये ऑलिम्पिक मेलबर्नला होते. ऑस्ट्रेलियाच्या कडक विलगीकरण नियमांमुळे परदेशी घोड्यांना तिथे नेता येईना, म्हणून घोडेस्वारी तेवढी जूनमध्ये स्टॉकहोमला झाली. निकाल जवळपास तोच. सां सिर यांना सुवर्ण, हार्टेल आणि ज्युबिली यांना रौप्य. कांस्य मात्र जर्मनीच्या लिसेलॉट लिन्सेनहॉफ यांना. चार वर्षांत तीन पदकविजेत्यांपैकी दोन महिला झाल्या होत्या.

उपचार म्हणून घोडेस्वारी ही कल्पना हार्टेल यांचीच का?

नाही. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना ऑक्सफर्डच्या रुग्णालयात घोड्यावर बसवले जात होते. १९५० च्या दशकात नॉर्वेमध्ये एल्सेबेट बोट्कर या फिजिओथेरपिस्टने दिव्यांग मुलांना पोनींवर बसवायला सुरुवात केली. हार्टेल यांनी कोपनहेगनमध्ये एका फिजिओथेरपिस्टच्या साथीने असेच काम सुरू केले. त्यांच्यामुळे पडलेला फरक वेगळा आहे. त्याआधी दिव्यांग व्यक्तीला घोड्यावर बसवणे म्हणजे धोका, असे बहुतेक डॉक्टरांना आणि पालकांना वाटे. दोन ऑलिम्पिक पदकांनंतर नकार देणाऱ्याला कारण सांगावे लागू लागले.

ब्रिटनमध्ये पोनीवरच्या स्वारीचे छोटे उपक्रम एकत्र येऊन १९६९ मध्ये ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. राजकन्या अ‍ॅन १९७१ पासून तिच्याशी जोडल्या गेल्या. कॅनडात टोरांटो येथे १९६५ मध्ये केंद्र सुरू झाले होते. अमेरिकेत १९६९ मध्येच राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तीच आज ‘पाथ इंटरनॅशनल’ म्हणून ओळखली जाते. नेदरलँड्समध्ये दिव्यांगांच्या घोडेस्वारीसाठी काम करणाऱ्या प्रतिष्ठानाला हार्टेल यांचेच नाव आहे.

अशा केंद्रात प्रत्यक्षात काय होते?

स्वार एक असला तरी भोवती माणसे बरीच लागतात. एक जण घोड्याचा दोर धरून पुढे चालतो. दोन्ही बाजूंना एकेक साहाय्यक स्वाराच्या मांडीशी किंवा कमरेशी हात ठेवून चालतो. मधोमध प्रशिक्षक उभा असतो. चाकाच्या खुर्चीतून थेट खोगिरावर जाता यावे म्हणून उताराचा लाकडी किंवा सिमेंटचा चौथरा बांधलेला असतो. हार्टेल यांच्या भोवती पती, आई, प्रशिक्षक आणि उचलून बसवणारे हात होते. केंद्रात तीच व्यवस्था पाळीपाळीने येणारे स्वयंसेवक करतात. कुणी निवृत्त, कुणी शाळकरी. अनेकांनी आधी कधी घोड्याला हातही लावलेला नसतो.

घोडा निवडताना दिसण्यापेक्षा स्वभाव पाहिला जातो. चाकाची खुर्ची, अचानक ओरडणे, अंगावर उडालेला चेंडू यांनी तो बुजता कामा नये. त्याची चाल दोन्ही बाजूंनी सारखी हवी. त्यामुळे शर्यती आणि स्पर्धांतून बाहेर पडलेल्या, वय झालेल्या शांत घोड्यांना इथे दुसरे काम मिळते. घोडेही थकतात आणि कंटाळतात. म्हणून त्यांचे कामाचे तास आणि ते वाहू शकतील ते वजन यांवर मर्यादा घालावी लागते.

या केंद्रांच्या दिनदर्शिकेत वार्षिक दिवस आणि छोट्या स्पर्धा असतात. गावातले लोक, शेजारच्या शाळा, पालक जमतात. एरवी ज्या मुलाकडे लोक वाकून बघतात, त्याच्याकडे त्या दिवशी मान वर करून पाहावे लागते. घोड्याच्या पाठीची उंचीच तेवढी असते. ब्रिटनच्या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी हार्टपरी येथे भरते. देणग्याही बऱ्याचदा अशाच दिवशी जमतात, कारण घोडा पाळणे स्वस्त नाही. चारा, नाल, पशुवैद्य हा खर्च स्वार आला नाही तरी चालूच राहतो.

यातून आजार बरा होतो का?

पोलिओने मेलेली चेतापेशी घोड्यावर बसून जिवंत होत नाही. हार्टेल यांच्याही झाल्या नाहीत. मग उपयोग कशाचा? घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते. पाठीवरच्या माणसाचे कंबरडे त्याबरोबर जवळपास तसेच हलते, जसे ते स्वतः चालताना हलले असते. जे मूल कधी चाललेलेच नाही, त्याच्या धडाला चालण्याचा तो ताल मिळतो. तोल सांभाळण्यासाठी पोट-पाठीचे स्नायू आपोआप कामाला लागतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांमध्ये तोल आणि बैठक सुधारल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र यातले बरेच अभ्यास थोड्या मुलांवर केलेले आहेत. त्यामुळे घोडेस्वारी ही नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नाही.

दोन शब्दांतली गल्लतही टाळायला हवी. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपचारासाठी वापर करतो, त्याला ‘हिप्पोथेरपी’ म्हणतात. तिथे मूल घोडा चालवत नाही, घोडा त्याला हलवतो. उपचारात्मक घोडेस्वारीत प्रशिक्षक स्वारीच शिकवतो. लगाम हातात येतो, घोडा थांबवता येतो, वळवता येतो. हार्टेल यांचा मार्ग हा दुसरा होता.

पुढे काय झाले?

हार्टेल १९५९ पर्यंत स्पर्धांत होत्या आणि त्या वर्षीही डेन्मार्कच्या विजेत्या ठरल्या. एकूण सात वेळा त्यांनी हा मान मिळवला, त्यापैकी पाच वेळा पोलिओनंतर. नंतरचे आयुष्य त्यांनी स्वार घडवण्यात आणि दिव्यांगांच्या घोडेस्वारीचा पुरस्कार करण्यात घालवले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून घोडेस्वारी पॅरालिम्पिकमध्ये नियमित आहे. त्यात ड्रेसाज हाच एक प्रकार असतो. अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार पाच गट असतात. सर्वांत तीव्र अपंगत्वाच्या पहिल्या गटातील स्वारांना फक्त साध्या चालीतल्या हालचाली कराव्या लागतात. ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांना पायाच्या इशाऱ्याऐवजी दोन्ही हातांत काठी धरण्याची परवानगी मिळू शकते. खोगीर आणि लगामही गरजेप्रमाणे बदलून घेता येतात. हेलसिंकीत हार्टेल यांना यातले काहीच मिळाले नव्हते. चढवणारे हात, ज्युबिली आणि स्वतःची मांड एवढ्यावर त्यांनी ५४१.५ गुण मिळवले होते.